शांघायमध्ये जुने चिनी कॅनव्हास बूट शोधताना : कोणतं काम आधी, कोणतं नंतर

शांघायला नोकरीसाठी किंवा शिकायला आलेली मराठी मंडळी भेटली की थोड्या वेळाने प्रश्न येतोच, "ते जुने चिनी बूट कुठे मिळतात हो?" आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा एक जोड आधीच मागवून टाकलेला असतो. तो मापाला मोठा निघतो. किंवा 'ऐंशीच्या दशकातला' म्हणून चौपट भावाने घेतलेला जोड गेल्या वर्षीचा निघतो. किंवा तो खरोखरच जुना असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा सोल तडकतो.

या तिन्ही चुका क्रम उलटा केल्याने होतात. लोक जुन्या मालापासून सुरुवात करतात. खरं तर आधी आज दुकानात मिळणारा साधा, नवा जोड हाताळायला हवा आणि त्याची ओळख पटल्यावरच जुन्याकडे वळायला हवं. पुढचे सगळे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. मधला एखादा गाळला तर पुढच्या टप्प्यावर त्याचे पैसे मोजावे लागतात.

१. तुम्हाला 'जुनं' म्हणजे काय हवंय ते ठरवा

'जुने चिनी बूट' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे खरा जुना माल. वीस, तीस, चाळीस वर्षांपूर्वी बनलेला आणि कुठल्यातरी गोदामात न विकता पडून राहिलेला. चिनी विक्रेते याला 'लाओ खूछुन' म्हणतात, म्हणजे जुना शिल्लक साठा. दुसरी म्हणजे जुन्या नमुन्यावरून हल्ली पुन्हा काढलेले बूट. तिसरी म्हणजे कधी बंदच न पडलेला बूट. जुन्या काळापासून जवळपास त्याच रूपात बनत आलेला आणि आजही रोज विकला जाणारा.

पायात घालून फिरायचं असेल तर तिसरा प्रकार घ्या. तो स्वस्त आहे, टिकतो आणि दिसायला तुमच्या मनातल्या बुटासारखाच आहे. संग्रहासाठी, कपाटात ठेवायला हवा असेल तरच पहिल्याच्या मागे लागा. दुसऱ्या प्रकारात वाईट काही नाही, फक्त त्याला जुन्या मालाचा भाव देऊ नका.

> तपासा: "मला हा घालायचाय" की "मला हा ठेवायचाय"? उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर अजून काही विकत घेऊ नका.

२. नावं डोळ्यांनी ओळखायला शिका

इथे चिनी वाचता येण्याची गरज नाही. चार-सहा अक्षरांचे आकार लक्षात ठेवले तरी काम भागतं.

*ह्वेइली.* इंग्रजी नाव वॉरियर. शांघायच्या या कारखान्याचं मूळ १९२७ मधलं आणि ह्वेइली हा ट्रेडमार्क १९३५ चा. उच्चार आपल्या 'हवेली'च्या जवळचा असल्यामुळे मराठी माणसाच्या चटकन लक्षात राहतो. पहिलं अक्षर ओळखणं सर्वांत सोपं आहे : मोठ्या चौकोनात एक लहान चौकोन. दुसरं अक्षर दोनच फटकाऱ्यांचं आहे. एक रेघ आडवी जाऊन खाली आकड्यासारखी वळते आणि दुसरी तिरपी रेघ तिला छेदून जाते. जुन्या चिन्हात धनुष्य ताणणारा एक पिळदार योद्धा आहे. या घराण्याचा सगळ्यांत ओळखीचा बूट म्हणजे डब्ल्यूबी-१. घोट्याच्या वर येणारा, पांढऱ्या कापडाचा, लाल खुणांचा बास्केटबॉलचा बूट.

*फेइयुए.* हाही शांघायचाच, दाफू नावाच्या रबर कारखान्यातून १९५० च्या दशकाच्या अखेरीस निघालेला. पहिलं अक्षर तीनच फटकाऱ्यांचं, पंख उघडल्यासारखं. दुसरं गच्च भरलेलं दिसतं आणि त्याचा डावा भाग 'पाय' दाखवतो. साधा पांढरा, घोट्याच्या खाली राहणारा, बाजूला लाल आणि निळी टोकदार पट्टी, पातळ सपाट तळ. वुशू, म्हणजे चिनी युद्धकला, शिकणाऱ्यांच्या आणि शाओलिनच्या भिक्षूंच्या पायात दिसतो तो हाच.

फेइयुएच्या बाबतीत एक घोळ आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. २००६ च्या सुमारास फ्रान्समध्ये याच नावाने एक वेगळा बूट सुरू झाला. त्याची मालकी वेगळी, आतली गादी वेगळी आणि भाव चिनी बुटाच्या कितीतरी पट. तुम्ही युरोपात किंवा अमेरिकेत राहत असाल तर दुकानात दिसणारा फेइयुए बहुधा त्या वंशातला असतो. चीनमध्येही मूळ मालक आणि पूर्वी परवान्यावर बूट बनवणारी दाबोवेन ही कंपनी यांच्यात नावावरून वाद झाला. म्हणून एकाच नावाचे, पण वेगवेगळ्या खोक्यांतले जोड बाजारात सापडतात. यातला कोणताही बूट 'खोटा' आहे असं मी म्हणत नाही. पण आपण कोणता घेतोय हे ठाऊक नसताना घेऊ नका.

बाकीची दोन नावं थोडक्यात. जिएफांग म्हणजे हिरव्या कापडाचा, काळ्या रबरी तळाचा, मूळचा सैन्याचा बूट. आजही बांधकामावर आणि शेतात तो सर्रास दिसतो. श्वांगशिंग म्हणजे 'दुहेरी तारा', छिंगदाओ शहरातला.

लीनिंग हे नावही या यादीत बरेच जण घालतात. जिम्नॅस्ट ली निंग यांनी ती कंपनी १९९० मध्ये काढली. तिचे सुरुवातीचे बूट आता जुने म्हणून शोधले जातात खरे, पण त्यांतल्या बऱ्याच बुटांचे तळ फोमचे आहेत. त्यांची तपासणी वेगळी पडते आणि या लेखातले नियम त्यांना सरसकट लावू नका.

> सावधान: ह्वेइली हे नाव आज लहान मुलांच्या चपलांपासून पावसाळी गमबुटांपर्यंत नाना वस्तूंवर दिसतं. नाव बरोबर आहे म्हणजे बूट तोच जुना आहे, असं होत नाही.

३. पाय मोजा, सेंटिमीटरमध्ये

भारतातला सात किंवा आठ नंबर इथे सांगून उपयोग नाही. चिनी बुटाचं माप पायाच्या लांबीवर चालतं आणि लेबलवर मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं : २४०, २५०, २६०. त्याशेजारी कंसात १.५, २ किंवा २.५ असा आकडा असेल तर तो रुंदीचा. आपल्याकडे अनेकांचे चवडे रुंद असतात. तरीही लांबी बघून लोक निघून जातात आणि हा कंसातला आकडा वाचायचा राहतो.

दुकानदार तोंडी मात्र ३८, ४०, ४२ असे आकडे सांगतो. हिशोब सोपा आहे : सेंटिमीटरची दुप्पट करा आणि दहा वजा करा. २५ सेंटिमीटर म्हणजे ४०, २६ म्हणजे ४२, २७ म्हणजे ४४.

मोजायचं असं :

१. संध्याकाळी मोजा. दिवसभरात पाय थोडा फुगतो.
२. जे मोजे घालणार तेच घालून, कागदावर, टाच भिंतीला टेकवून उभे राहा. बसून मोजलेलं माप कमी येतं.
३. सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. ते अंगठ्याशेजारचंही असू शकतं.
४. चवड्याची सर्वांत रुंद जागाही मोजून ठेवा.
५. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा.

हे कॅनव्हासचे बूट बऱ्याच जणांना छापील मापापेक्षा थोडे सैल होतात, फेइयुए जास्तच. म्हणून काही जण डोळे मिटून एक नंबर लहान मागवतात. रुंद पायाच्या माणसाने ते करू नये. कापड वापराने बाजूंना थोडं सैल होतं, लांबीला होत नाही.

४. आधी नवा जोड हातात घ्या

हा टप्पा वगळला जातो, कारण जुन्याच्या ओढीने आलेल्याला नव्या बुटाचं आकर्षण नसतं. पण माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा तास हाच.

दुकान शोधणं अवघड नाही. या दोन्ही नावांचे बूट शांघायमध्ये ठिकठिकाणी मिळतात. पण मी तुम्हाला आणखी एक जागा सुचवेन : 'लाओबाओ' दुकान. कामगारांचे हातमोजे, हेल्मेट, गमबूट, रेनकोट विकणारी ही दुकानं जुन्या वस्त्यांत, गल्लीच्या तोंडाशी असतात. तिथे जिएफांग हमखास सापडतो आणि पुष्कळदा कॅनव्हासचे पांढरे बूटही. दुकानात बाई असतील तर त्यांना 'आयी' म्हणा. ऐकायला आपल्या 'आई'सारखं वाटलं तरी अर्थ मावशी असा आहे. पुरुष असतील तर 'शीफू', म्हणजे उस्ताद. एवढ्या एका शब्दाने माणसं बूट काढून दाखवायला तयार होतात.

नवा जोड हातात आला की या गोष्टी करा.

टाच आणि चवडा धरून बूट वाकवा. नवं रबर कुठे वाकतं, किती जोर लागतो आणि सोडल्यावर किती चटकन सरळ होतं ते हाताला कळू द्या. कडेने फिरणारी रबरी पट्टी बघा. या बुटांत कापड, पट्टी आणि तळ एकत्र भट्टीत तापवून एकजीव केलेले असतात. ही व्हल्कनायझेशनची पद्धत. त्यामुळे पट्टी आणि कापडाच्या सांध्यात नख सहज शिरता कामा नये. पट्टीची दोन टोकं जिथे जुळतात तो सांधा शोधा. तो बुटाच्या आतल्या बाजूला, नजरेआड असला तर समजा की बनवणाऱ्याने काळजी घेतली आहे. मग वास घ्या. ताज्या रबराला गंधकाचा हलका वास असतो. शेवटी आतली गादी उचलून खाली कापड कसं शिवलंय ते पाहा.

मी माझा पहिला नवा जोड शंभर युआनच्या आत घेतला आणि वर्षभर घातला. जुन्या मालाच्या गाळ्यावर बूट उचलला की आज मला जे कळतं, ते बहुतेक त्या जोडाने शिकवलं.

> तपासा: डोळे मिटून नवा बूट वाकवला तर त्याचा ताण ओळखता येतो का? येत असेल तर पुढे चला.

५. शोधायची ठिकाणं आणि शोधायचे शब्द

आधी एक इशारा. जुन्या प्रवास-पुस्तकांत शांघायच्या तुंगथाय रस्त्यावरच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराचं नाव सापडतं. तो बाजार आता राहिलेला नाही. पत्ता हातात घेऊन जाणारे अजूनही भेटतात, म्हणून लिहितोय.

बीजिंगला जाणं झालं तर फानच्याय्वान बाजार पाहा, शनिवारी किंवा रविवारी आणि सकाळी लवकर. तिथे बूट हा मुख्य माल नाही. जुनी बिल्ले-पुस्तकं विकणाऱ्यांच्या गाठोड्यात एखादा जोड निघतो. त्यामुळे 'बूट आहेत का' असं विचारत फिरण्यापेक्षा साठच्या-सत्तरच्या दशकातल्या घरगुती वस्तू मांडणारे गाळे हेरा.

खऱ्या जुन्या मालाची शक्यता मात्र लहान गावांत जास्त. बंद पडलेली सरकारी दुकानं आणि ग्रामीण भागातल्या पुरवठा सहकारी संस्था, ज्यांना 'गोंगश्याओशे' म्हणतात, यांचा न विकलेला साठा तिथून बाहेर पडतो. मोठ्या शहरांपासून दूर शिकणाऱ्या आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ही संधी शांघायवाल्यांपेक्षा जास्त आहे.

फोनवरून शोधायचं तर थाओबाओ हे ॲप नव्या मालासाठी आणि श्येनयू हे वापरलेल्या व जुन्या वस्तूंसाठी. इंग्रजीत शोधू नका. इंग्रजी शब्द टाकले की परदेशी गिऱ्हाइकासाठी मांडलेला माल वर येतो. एखाद्या चिनी सहकाऱ्याकडून पुढचे शब्द चिनी अक्षरांत फोनमध्ये लिहून घ्या आणि तिथून उचलून टाका :

'लाओ खूछुन' : जुना शिल्लक साठा.
'छ्युएनशिन' : कोरा, न वापरलेला.
'फाह्वांग' : पिवळा पडलेला.
'खाइज्याओ' : सोल सुटलेला.
'त्वानती' : तळ तुटलेला.

शेवटचे तीन शब्द विक्रेत्याच्या वर्णनात आधी शोधा. प्रामाणिक विक्रेता ते स्वतःच लिहितो आणि मी अशाच माणसाकडून घेणं पसंत करतो. अक्षरं जमत नसतील तर शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर जाऊन बुटाचा फोटो टाका. चित्रावरून शोध बऱ्यापैकी लागतो.

> सावधान: जून-जुलैत इथे 'मेइयू' असतो, आपल्या आषाढासारखा सततचा ओलसर पाऊस. त्या दिवसांत गोदामातून निघालेल्या कापडाला बुरशी असण्याची शक्यता जास्त. घाई नसेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा.

६. जुना जोड हातात आल्यावर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी रबर, मग सांधे, मग कापड, मग खोका. लोक खोक्यापासून सुरुवात करतात, कारण खोका सुंदर असतो आणि त्यावरचा योद्धा बघून माणूस विरघळतो.

*रबर.* तळावर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका. रबरात मिसळलेलं गंधक आणि मेण वर्षानुवर्षं हळूहळू वर येऊन पृष्ठभागावर बसतं. अंगठ्याने चोळा. भुकटी निघून खाली गुळगुळीत रबर दिसलं तर ठीक. चोळल्यावर जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर रबर हवेने खाल्लंय. चिकट लागलं तरी तेच. नंतर नख हलकेच दाबा. वळ उमटून हळूहळू भरून आला तर जीव आहे. नख टिचकी मारल्यासारखं वाजलं तर संपलं.

मग वाकवणं. विक्रेत्याला विचारल्याशिवाय वाकवू नका. आणि नव्या बुटासारखं पूर्ण नाही, थोडंच, चवड्याशी. कान जवळ ठेवा. 'कर्र' असा आवाज आला तर तिथेच थांबा आणि बूट परत ठेवा.

मी हे शिकलो ते एका शनिवारी. एका बाजारातून, ऐंशीच्या दशकातला म्हणून घेतलेला, खोक्यातून पहिल्यांदाच निघालेला जोड घालून मी सूचौ नदीच्या काठाने चालायला निघालो. कापड दुधासारखं पांढरं होतं. दोन किलोमीटरही झाले नसतील, उजव्या पायाखाली काहीतरी टोचल्यासारखं वाटलं. बघतो तर चवड्याच्या रेषेत तळ आरपार चिरलेला आणि भेगेतून आतलं कापड दिसत होतं. घरी येईपर्यंत डावाही गेला. विकणाऱ्याने फसवलं नव्हतं, बूट खरोखरच कोरा आणि जुना होता. तीस-चाळीस वर्षं न वाकलेलं रबर मी एका दुपारी हजारो वेळा वाकवलं होतं. खरा जुना माल घालायला घेऊ नका हे मी पहिल्याच टप्प्यात लिहिलं, ते यामुळे.

*सांधे.* पट्टी आणि कापडाच्या मधून बोट फिरवा, पूर्ण फेरी मारून. टाचेपाशी आणि पुढच्या टोकाशी पट्टी आधी सुटते. एक-दोन सेंटिमीटर सुटलेली चालेल, दुरुस्त होते.

*कापड.* पिवळेपणा एकसारखा असेल तर तो वयाचा. ठिपके असतील तर बुरशीचा. धातूच्या भोकांभोवती तपकिरी कडी असेल तर तो गंज आणि तो निघत नाही.

*दोन्ही बूट.* हे सांगायला लाजल्यासारखं होतं, पण डावा-उजवा दोन्ही तपासा आणि दोघांचं माप सारखं आहे ना ते वाचा. साठा उपसताना जोड बदललेले असतात.

७. वय ठरवा

विक्रेता सांगेल ते साल ऐकून घ्या आणि मग स्वतः पुरावा शोधा. मी हे चार पुरावे या क्रमाने बघतो.

पहिला, नमुन्याचं जन्मवर्ष. डब्ल्यूबी-१ बाजारात आला १९७९ मध्ये. म्हणून 'सांस्कृतिक क्रांतीच्या काळातला', म्हणजे १९६६ ते १९७६ मधला, डब्ल्यूबी-१ असं कुणी म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा.

दुसरा, खोक्यावरचा फोन नंबर. शांघायचे स्थानिक नंबर १९८९ मध्ये सात आकडी झाले आणि १९९५ च्या अखेरीस आठ आकडी. सहा आकडी नंबर म्हणजे १९८९ च्या आधी छापलेला खोका. आठ आकडी नंबर असलेला 'ऐंशीच्या दशकातला' खोका असूच शकत नाही. पुरावा फुकट आहे, खोक्यावर ठळक छापलेला आहे, आणि बहुतेक गिऱ्हाइकं त्याकडे पाहतही नाहीत.

तिसरा, बारकोड. चीनने ६९० ने सुरू होणारे बारकोड वापरायला घेतले ते १९९१ पासून. असा बारकोड आहे म्हणजे माल त्यानंतरचा.

चौथा, कारखान्याचं नाव. ह्वेइलीच्या जुन्या खोक्यांवर चंगथाय रबर कारखान्याचं नाव येतं आणि फेइयुएच्या जुन्या जोडांवर दाफूचं. खोक्यात तपासणीची चिठ्ठी राहिली असेल तर तिच्यावर तारीख असू शकते. या चिठ्ठीला 'हगजंग' म्हणतात. खोका उलटा करून झटका, ती तळाला चिकटून बसलेली असते.

> सावधान: खोका जुना आणि बूट नवा, असं होतं. खोक्यावरचं माप आणि बुटावरचं माप जुळतं का ते बघा. रंगही जुळवा.

८. भाव आणि पैसे

भाव ठरवताना आजच्या नव्या जोडाचा भाव पाया म्हणून धरा. चौथा टप्पा केला असेल तर तो तुम्हाला पाठच असतो. घालण्याजोग्या, पुन्हा काढलेल्या बुटाला त्याच्या दुपटीपुढे मी जात नाही. खऱ्या जुन्या जोडाला ठरलेला भाव नसतो. तिथे खोका, चिठ्ठी आणि रबराची अवस्था बोलते.

बाजारात घासाघीस चालते. 'प्येनयी यीत्येन', म्हणजे 'थोडं कमी करा', एवढं हसून म्हणा आणि गप्प राहा. बुटात दोष काढत बसू नका. आपल्याकडच्या मंडईत ती रीत चालून जाते, इथल्या म्हाताऱ्या शीफूंना तो त्यांच्या मालाचा अपमान वाटतो. असं बोलल्यामुळे हातचा जोड परत गुंडाळून ठेवलेला मी पाहिलाय.

ऑनलाइन घेताना :

१. सहा फोटो मागवा : दोन्ही तळ, दोन्ही टाचा, आतलं लेबल, खोक्याची छापील बाजू. शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा.
२. चवड्याशी हलकं वाकवतानाचा छोटा व्हिडिओ मागा. नाही म्हणाले तर सोडून द्या.
३. पैसे त्याच ॲपमधून द्या. माल मिळाल्याचं तुम्ही कळवेपर्यंत रक्कम मध्येच थांबवलेली असते. 'थेट पाठवा, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याला नकार द्या.
४. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि सगळं तपासून झाल्यावरच 'मिळालं' दाबा.

चीनच्या ग्राहक कायद्यात २०१४ पासून ऑनलाइन घेतलेल्या मालाला सात दिवसांत विनाकारण परतीची सोय आहे. पण ती दुकानदाराकडून घेतलेल्या मालाला. घरातली जुनी वस्तू विकणाऱ्या खाजगी माणसाकडून तशी अपेक्षा ठेवू नका. परदेशी कार्ड अलीपे आणि वीचॅट या पैसे देण्याच्या ॲपना जोडता येतं, पासपोर्टवर ओळख पटवावी लागते. काही सेवा मात्र चिनी ओळखपत्रावरच चालतात. तिथे ओळखीच्या माणसाला घ्यायला सांगा आणि पैसे त्याला आगाऊ द्या.

९. धुणं आणि पांढरं करणं

नव्या आणि जुन्या जोडाचे नियम पूर्ण वेगळे आहेत.

नवा, घालायचा जोड : नाड्या आणि आतली गादी काढा. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरा. ब्लीच अजिबात नको, पांढरं कापड त्याने उलट पिवळं पडतं. साबण निघेपर्यंत तीनदा खळबळा, शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर घाला. कापडात साबण राहिला की वाळताना तो कडेला येतो आणि पिवळे डाग उमटतात. म्हणून ओल्या बुटावर पांढरा टिश्यू पेपर चिकटवून सगळा बूट झाका आणि सावलीत वाळवा. पिवळेपणा कागदावर उतरतो. बुटात वर्तमानपत्र कोंबू नका, शाई लागते.

इथल्या मोठ्या माणसांना विचाराल तर ते सांगतील, शाळेत असताना पांढऱ्या बुटांवर खडू फासायचो. आपणही पीटीच्या तासाआधी तेच करायचो. डाग झाकायला तो उपाय आजही चालतो, पण बूट पूर्ण वाळल्यावर.

जुना, ठेवायचा जोड : पाण्यात बुडवू नका. मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडा, घट्ट पिळलेल्या फडक्याने रबर पुसा, बस्स. सुटलेल्या पट्टीला झटकन सुकणारा कडक गोंद लावू नका. तो काचेसारखा होतो आणि शेजारचं रबर फाडतो. बूट दुरुस्त करणारे वापरतात ते लवचिक सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावून, जरा सुकू देऊन मग दाबा.

१०. भारतात नेताना आणि ठेवताना

सामानातून न्या. कुरियरने 'भेट' म्हणून पाठवलं की शुल्क लागणार नाही, हा समज जुना झाला. डिसेंबर २०१९ पासून ती सवलत राख्या आणि जीवरक्षक औषधांपुरतीच उरली. सामानाची शुल्कमुक्त मर्यादा निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

बॅगेत बुटाच्या आत साधा पांढरा कागद सैलसर भरा, म्हणजे पुढचं टोक चेपणार नाही. दोन बुटांमध्ये कागद घाला. रबर रबराला टेकून राहिलं तर उन्हाळ्यात चिकटतं आणि रंग एकमेकांना लागतो. खोका वेगळा, सपाट करून न्या. पण घड्या मूळ रेषांवरच घाला.

घरी पोहोचल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका. मुंबई-कोकणात तर नाहीच. कापडी पिशवी, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि भिंतीला न टेकणारा फळीचा कोपरा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली ठेवा आणि तेव्हा पट्टीभोवती बोट फिरवा. टाचेपाशी सांधा उघडायला लागला असेल तर तो डोळ्यांच्या आधी बोटाला कळतो.